शेततळ्याचा समलंब चौकोन: मापांच्या नोंदी

२७ एप्रिल २०२५

लिंबाच्या बागेच्या वरच्या अंगाला शेततळ्याची आखणी झाली. चुन्याच्या फक्कीने चारी कडा मारल्या. पूर्व-पश्चिम ३० मीटर, उत्तर-दक्षिण २५ मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना दीडास एकचा उतार, म्हणजे एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत सरकायचं. पोकलेनवाल्याने वही न उघडताच सांगितलं, "तळ एकवीस बाय सोळा." त्याला हे तोंडपाठ आहे.

दादाने माझ्यावर मापांचं काम टाकलं आहे. मी चाळीसगावात नववी-दहावीचे गणिताचे क्लास घेतो, तेव्हा "तू मास्तर आहेस, तू बघ" एवढ्यावर जबाबदारी आली.

संध्याकाळी पूर्व-पश्चिम छेद वहीत काढला. वरची बाजू कख = ३०, तळ गघ = २१, दोन्ही समांतर. दोन्ही उतार सारखे, म्हणून समद्विभुज समलंब चौकोन. पुतणी आता दहावीत जाईल. तिने आकृती पाहिली आणि वही उलटी फिरवली. बरोबरच आहे, पुस्तकात मोठी बाजू खाली असते. तळ्याची मोठी बाजू वर असते, एवढ्यानेच मुलं अडखळतात. वही परत सरळ करून दिली.

तळाच्या दोन्ही टोकांपासून वरच्या रेषेवर लंब टाकले. मध्ये २१ चा आयत, दोन्हीकडे एकेक काटकोन त्रिकोण उरला. उरलेले ९ मीटर दोघांत सारखे वाटले, ४.५ आणि ४.५. उताराची लांबी √(४.५² + ३²) = √२९.२५ = ५.४१ मीटर. वरच्या काठाशी कोनाचा टॅन ३ ÷ ४.५, म्हणजे ३३.७°. तळाशी कोन काढायला वेगळं गणित नको. समांतर रेषा आणि त्यांना छेदणारा उतार, एकाच बाजूचे आंतरकोन मिळून १८०°. म्हणून १४६.३°.

३० एप्रिल

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मशीन बंद, बायका झोक्यावर, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. जेवणानंतर डोळ्यावर झापड असताना पुतणीने उठवलं. तिला उतार तपासायचं साधन बनवायचं होतं.

सागाच्या दोन पट्ट्या घेतल्या, ९० सेंमी आणि ६० सेंमी, आणि काटकोनात खिळे मारले. तिरकी तिसरी पट्टी १०८.२ सेंमी निघाली (√११७०० = १०८.१७). गवंड्याचा जुना ओळंबा उभ्या पट्टीला बांधला. तिरकी पट्टी उतारावर टेकवायची. दोरी उभ्या पट्टीला चिकटून राहिली तर उतार दीडास एक. दोरी पट्टीपासून सुटली किंवा पट्टीवर आडवी गेली तर नाही. काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने तपासला. खिळा मारताना अंगठ्यावर हातोडी बसली, ती माझी चूक, साधनाची नाही.

५ मे

कालपासून खोदाई. वरचे चार फूट काळी माती, मग मुरूम. पश्चिमेचा उतार साधनाला तंतोतंत बसतो. पोकलेनवाल्याचा हात पाहण्यासारखा आहे. बकेटची पाठ उतारावरून अशी ओढतो की शेणाने सारवल्यासारखं दिसतं.

८ मे

पूर्वेला काळा खडक लागला. बकेटचे दात ठिणग्या काढतात आणि घसरतात. खडक फोडायचा ब्रेकर लावायचा तर वेगळा खर्च. दादा म्हणाला, जेवढं निघतं तेवढं काढ. तिथल्या उतारावर साधन टेकवलं तर ओळंब्याची दोरी पट्टीपासून चांगली चार बोटं सुटली. उतार ठरल्यापेक्षा खडा आहे. नोंद करून ठेवली, पुढे काही केलं नाही.

९ मे

खोदाई संपली असं पोकलेनवाला म्हणतो. "तीन मीटर भरलं, सर. बघून घ्या."

दादाने आणि मी टेप धरला. पश्चिमेच्या काठावरून उताराने खाली, तळावरून सरळ, पूर्वेच्या उताराने वर. आरपार एकच माप: ३१.८५ मीटर. वहीतला आकडा ५.४१ + २१ + ५.४१ = ३१.८२. तीन सेंटिमीटरचा फरक. दादा खूश. मीही मान डोलावली. तळ्याच्या अस्तराचा प्लास्टिकचा कागद देणाऱ्याचा फोन आला, त्यानेही तेवढंच विचारलं: आरपार किती? काठावरच्या चरात पुरायला दोन्हीकडे एकेक मीटर धरून ३३.८५ सांगितलं. मशीन उद्या दुसऱ्या गावाला जाणार.

१० मे

रात्री झोप लागेना. पूर्वेचा उतार खडा आहे, हे साधनाने दाखवलं आहे. खडा उतार म्हणजे तेवढ्याच खोलीला लांबी कमी. मग बेरीज ठरल्याएवढी भरली कशी? कुठेतरी दुसरं माप वाढलं असलं पाहिजे. बेरजेत दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, हे क्लासात मी दर आठवड्याला सांगतो. स्वतःच्या शेतात विसरलो.

पहाटे साडेपाचला दादाला उठवलं, पोकलेनवाल्याला आजचा दिवस थांबव म्हणालो. तो चिडला. चिडणारच.

११ मे

काल दुपारी वळिवाची सर आली. त्याने एक काम फुकट केलं. तळावर पाणी बोटभर साचलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सारखं. म्हणजे तळ सपाट आहे, काठाला समांतर आहे. हे आधी पक्कं व्हायला हवं होतं, कारण समांतर नसेल तर पुढचं सगळं गणित बाद.

आज चारही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. चिखलात पुतणीची एक चप्पल रुतून बसली, ती अजून तिथेच आहे.

वर कख = ३०.०० मीटर
तळ = २२.४० मीटर
पश्चिमेचा उतार = ५.०५ मीटर
पूर्वेचा उतार = ४.४० मीटर

तळ ठरल्यापेक्षा १.४० मीटर जास्त. दोन्ही उतार कमी. एकूण मात्र ३१.८५.

आता प्रश्न असा की खोली किती? उताराखालच्या मातीत लंब टाकता येत नाही. आणि उतार असमान, त्यामुळे परवासारखं ७.६० चे सारखे दोन भाग करणं चालणार नाही. पुतणी म्हणाली, "चार बाजू माहीत आहेत की." मी म्हटलं, चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. बाज विणायच्या आधीची चौकट आठव. चारही ठावं-गातं (चौकटीची लाकडं) तीच, पण ढकललं की तिरकी होते.

तिचं उत्तर: "पण यात दोन बाजू समांतर आहेत ना, काका."

तिथेच गाडी रुळावर आली. समांतर हे पाचवं माप आहे. पश्चिमेचा उतार जागेवरून उचलला आणि तळाच्या लांबीएवढा, म्हणजे २२.४० मीटर, पूर्वेकडे सरकवला. सरकवताना तो स्वतःला समांतर राहतो, म्हणून मध्ये समांतरभुज चौकोन सुटतो आणि उरतो एक त्रिकोण. त्याच्या बाजू ५.०५, ४.४० आणि पाया ३० − २२.४० = ७.६०. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याला हलायला जागाच नाही.

पायाचे दोन तुकडे प आणि फ. प + फ = ७.६०. लंब दोघांचा एकच, म्हणून ५.०५² − प² = ४.४०² − फ². म्हणजे प² − फ² = २५.५०२५ − १९.३६ = ६.१४२५. याला ७.६० ने भागलं की प − फ = ०.८०८. मग प = ४.२०, फ = ३.४०. खोली = √(२५.५०२५ − १७.६७४५) = √७.८२८ = २.८० मीटर.

तीन नाही. वीस सेंटिमीटर कमी.

कोनही काढले. पश्चिमेला वर ३३.६°, खाली १४६.४°. पूर्वेला टॅन = २.७९८ ÷ ३.३९६, वर ३९.५°, खाली १४०.५°. चारही मिळून ३६०. पश्चिमेचा कोन जवळजवळ जुनाच निघाला, म्हणजे साधन आणि टेप एकमेकांना साक्ष देतात. पूर्वेला साधनाने जे चार बोटांत सांगितलं होतं ते आता अंशांत मिळालं.

११ मे, रात्री

ही युक्ती माझी नाही, पुतणीचीही नाही. लीलावतीत भास्कराचार्यांनी हेच सांगितलं आहे. समान लंबांच्या चौकोनात 'मुखोनभूमी' घ्यायची, म्हणजे भूमीतून (पायाच्या बाजूतून) मुख (तिला समांतर लहान बाजू) वजा करायचं, आणि तो पाया धरून दोन भुजांचा त्रिकोण सोडवायचा. पायाच्या तुकड्यांना त्यांचा शब्द आबाधा. त्यांच्या उदाहरणात भूमी ६०, मुख २५, भुजा ५२ आणि ३९. मुखोनभूमी ३५, आबाधा ३/५ आणि १७२/५. लंब ३९ ला केसभर कमी, कारण ३९ ची भुजा जवळजवळ उभीच आहे. ग्रंथ ११५० चा.

त्याच प्रकरणात बाजेच्या चौकटीचा मुद्दाही आहे, आणि तो जरा तिखट आहे. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच! मागच्या वर्षी सराव पेपरात मी एका प्रश्नात 'समांतर' हा शब्द लिहायला विसरलो होतो. अर्ध्या मुलांनी उत्तरही काढलं होतं. म्हणजे आमच्या क्लासात दोन्ही प्रकारची पिशाचं होती.

पाटणादेवीचं पाटण इथून हाकेच्या अंतरावर. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख तिथलाच. पाटणादेवीला दर नवरात्रात जातो, तेव्हा हा त्रिकोण कधी डोक्यात आला नव्हता.

१२ मे

पोकलेनवाल्याला वही दाखवली. त्याने वहीकडे बघितलंही नाही. म्हणाला, "सर, कागदावर काहीही निघतं." बांधावरून जाणारे एक म्हातारबाबा थांबले: "काय करी राहिना भो?" खोली मोजतोय म्हटल्यावर त्यांनीच सुचवलं, गवंड्याची पाण्याची नळी आणा.

नळी आणली. एक टोक काठावरच्या खुंटीला, दुसरं तळावर उभ्या धरलेल्या बांबूला. नळीतला बुडबुडा काढण्यात अर्धा तास गेला. दोन्हीकडचं पाणी स्थिर झाल्यावर बांबूवर खूण केली, तळापासून खुणेपर्यंत टेप लावला: २.७९. दुसऱ्या जागी २.८१. पोकलेनवाला काही बोलला नाही, गाडीत जाऊन बसला आणि इंजिन सुरू केलं. नंतर चहाच्या वेळी म्हणाला की पूर्वेला दात लागेना, म्हणून त्याने तळाचं माप तिथूनच धरलं आणि सगळा तळ त्या पातळीला आणला. माणूस खोटा नाही, खडकाने थकवला.

दादाचा प्रश्न वेगळा होता. वीस सेंटिमीटरसाठी पुन्हा डिझेल का जाळायचं? त्याला कोन सांगून उपयोग नव्हता, लिटरमध्ये सांगावं लागलं.

इथे समलंब चौकोनाच्या मध्यरेषेचा उपयोग झाला. असमांतर बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा समांतर बाजूंना समांतर आणि त्यांच्या बेरजेच्या निम्मी. आत्ताच्या खड्ड्यात निम्म्या खोलीवर लांबी (३० + २२.४) ÷ २ = २६.२, रुंदी (२५ + १६.६) ÷ २ = २०.८. घनफळ = खोली ÷ ६ × (वरचं क्षेत्र + ४ × मधलं + तळाचं) = १५४१ घनमीटर. पूर्ण तीन मीटर नेलं तर १६१३. फरक ७२ घनमीटर, बहात्तर हजार लिटर. दहा हजाराचे सात टँकर. दादाने डिझेलचा विषय पुन्हा काढला नाही.

(वर आणि तळाच्या क्षेत्रांची नुसती सरासरी घेऊन खोलीने गुणलं तर तीन मीटरला १६५० येतात, साडेछत्तीस हजार लिटर जास्त. बरेच जण असंच करतात आणि मग तळं गळतंय म्हणून कागदवाल्याशी भांडतात. लांबीची सरासरी मध्यरेषा असते, क्षेत्रफळाची सरासरी मधलं क्षेत्र नसतं.)

१४ मे

खोदायच्या आधी तळ किती उरेल ते वहीत लिहून ठेवलं, म्हणजे नंतर आकडा जुळवल्याचा आरोप नको. उतार तेच ठेवून ०.२० खाली जायचं. पश्चिमेला ०.३० आत. पूर्वेला समरूप त्रिकोणाने ०.२० × ३.४० ÷ २.८० = ०.२४ आत. तळ २२.४० − ०.५४ = २१.८६. पश्चिमेचा उतार ५.४१, पूर्वेचा ४.४० × ३ ÷ २.८० = ४.७१, खोली २.८० ऐवजी २.७९८ धरली तर ४.७२.

संध्याकाळपर्यंत काम झालं. टेप: तळ २१.९०, उतार ५.४० आणि ४.७१. तळाच्या कोपऱ्यात बकेटची गोलाई राहते, चार सेंटिमीटर तिथे गेले. पुतणीची चप्पल सापडली, अर्धी.

कागदवाल्याला नवं माप कळवलं. ५.४१ + २१.८६ + ४.७२ = ३१.९९, चरासह ३३.९९. कागद ताणून बसता कामा नये, थोडी ढील हवी, म्हणून ३४.५ × २९.५. आधी सांगितलेल्या ३३.८५ वर कागद कापला असता तर ढील नसतीच, उलट चरात पुरायची किनार कमी पडली असती.

१८ मे

रविवार. क्लासची सहा मुलं आली. त्यांना उत्तर-दक्षिण छेद तपासायला दिला. तिकडे दोन्ही बाजूंना मुरूम, दोन्ही उतार सारखे असायला हवेत. अट एकच, उतारांना हात लावायचा नाही.

एका मुलीने कर्ण सुचवले. समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्ण एकरूप असतात. उत्तरेच्या काठावरून दक्षिणेच्या पायथ्यापर्यंत सुतळी हवेतून ताणली, मग उलट. हिशेबाने √(२०.५² + ३²) = २०.७२. सुतळीने २०.७६ आणि २०.७४. झोळ पडतो, त्यामुळे दोन्ही थोडे जास्त, पण दोघांत फरक दोनच सेंटिमीटर. पास.

मग पूर्व-पश्चिमेचे कर्ण. पूर्वेच्या काठावरून पश्चिमेच्या पायथ्याला २५.७०, पश्चिमेच्या काठावरून पूर्वेच्या पायथ्याला २६.५५. पाऊण मीटरहून जास्त फरक. सुतळीचा तुकडाच हातात लोंबताना दिसला, तेव्हा मागे बसणाऱ्या मुलालाही पटलं की हा समद्विभुज नाही. फळ्यावर हे पटवायला मला दोन तास लागतात.

२३ मे

पहाटे पाचला कागद अंथरला. ५०० मायक्रॉनचा. उन्हात तो प्रसरण पावतो आणि दुपारी सुरकुत्या घेऊन बसतो, म्हणून उजाडायच्या आत. सोळा माणसं लागली. पूर्वेच्या खडकावर आधी गाळलेली माती आणि जुनी पोती घातली, टोकं टोचू नयेत म्हणून. कागद चरापर्यंत पोचून हातभर उरला.

२५ मे

तळ्यात पाणी किती आहे ते काठावरून कळावं म्हणून पुतणीने उतारावर ऑइलपेंटने रेघा मारल्या. दर अर्ध्या मीटर खोलीला एक. पश्चिमेला ९० सेंमीच्या अंतराने, पूर्वेला ७९ च्या. दादाने विचारलं, दोन्हीकडे अंतर वेगळं का? ती म्हणाली, "पप्पा, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला असतं, उतार नसतो." दादा माझ्याकडे बघून हसला.

९ जून

विहिरीवरची मोटर दोन दिवसांपासून तळ्यात सोडली आहे. सकाळी पश्चिमेच्या दुसऱ्या रेघेला पाणी टेकलं. पूर्वेला पळत गेलो. पाणी दुसऱ्या रेघेच्या दोन बोटं खाली. पायथ्याची गोलाई पुतणीने पूर्वेला धरली नव्हती, माप कागदाच्या घडीपासून घेतलं होतं. पूर्वेच्या रेघा पुसून पुन्हा मारायच्या, वरच्या चार तरी. रॉकेल आणि चिंधी आणायला सांगितलं आहे.